कोणत्या बाईंचा वर्ग?

डनब्लेनच्या बाजारात खेळण्यांचं एक दुकान होतं. १३ मार्च १९९६ च्या बुधवारी सकाळी जुडी मरे आपल्या आईच्या त्या दुकानात कामाला होती. तिचे दोन्ही मुलगे, दहा वर्षांचा जेमी आणि आठ वर्षांचा अँडी, शाळेत गेले होते. शाळेत कुणीतरी बंदूक घेऊन शिरलंय, एवढंच तिच्या कानावर आलं. ती तशीच गाडीत बसली. रस्त्यावर आधीच गाड्यांची रांग लागली होती आणि सगळ्या एकाच दिशेने तोंड करून उभ्या होत्या. बाजूला व्हा, बाजूला व्हा, असं ती आतल्या आत ओरडत होती. पण बाजूला कोण होणार? पुढच्या प्रत्येक गाडीत असंच कुणीतरी बसलेलं होतं. शाळेचं फाटक काही अंतरावर असताना तिने गाडी तिथेच सोडली आणि पळत सुटली.

पुढे अँडी मरे जगप्रसिद्ध टेनिसपटू झाला, म्हणून त्याच्या आईची ही धाव आपल्याला माहीत आहे. त्या सकाळी शाळेकडच्या डून रोडवर अशा शेकडो आया, बाप, आज्या-आजोबा धावत होते. त्यांच्यातल्या बहुतेकांची गोष्ट आपल्याला माहीत नाही.

स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग शहराच्या उत्तरेला, ॲलन नदीच्या काठी डनब्लेन हे गाव आहे. तेव्हा वस्ती सात-साडेसात हजारांची. मध्ययुगीन कॅथीड्रल, त्याच्याभोवतीच्या अरुंद गल्ल्या आणि रेल्वे स्टेशन. स्टेशनमुळे एडिंबरा-ग्लासगोला नोकरीला जाणारी कितीतरी तरुण कुटुंबं इथे घर करत. मुलं वाढवायला चांगलं गाव, अशी त्याची ख्याती होती. गावच्या प्राथमिक शाळेत सहाशेच्या वर मुलं होती. छोट्या गावाच्या मानाने शाळा मोठी. मात्र पालकांच्या बोलण्यात ती मोठी वाटत नसे, कारण आपल्याकडे असतं तसंच तिथेही वर्गाचं नाव म्हणजे बाईंचं नाव. पटावर एका वर्गाचं नाव ‘पहिली/१३’ असं होतं. घरोघरी मात्र तो अमक्या बाईंचा वर्ग होता. त्या दिवशी सबंध गाव एका प्रश्नावर टांगलं गेलं ते त्यामुळेच: कोणत्या बाईंचा वर्ग?

या लेखात मुलांची नावं मी लिहीत नाही. ती त्यांच्या घरच्यांची आहेत. बंदूक घेऊन शाळेत शिरलेल्या त्या माणसाचंही नाव लिहीत नाही. ते लिहून कुणाचं काही भलं होणार नाही.

काय झालं ते थोडक्यात सांगते. शाळेत सकाळी लहान वर्गांची प्रार्थनासभा झाली. ती संपल्यावर पहिली/१३ ची मुलं व्यायामशाळेत गेली. त्या वर्गात त्या दिवशी २८ मुलं होती. २५ पाच वर्षांची, तिघं सहा वर्षांची. खेळाच्या तासाचे कपडे त्यांनी आधीच घातले होते. साडेनऊच्या सुमारास त्रेचाळीस वर्षांचा एक माणूस शाळेच्या आवारात गाडी लावून उतरला. आधी तो टेलिफोनच्या खांबापाशी गेला आणि त्याने तारा कापल्या. मग व्यायामशाळेत शिरला. त्याच्याकडे चार पिस्तुलं-रिव्हॉल्वरं होती. चारही परवान्याची. तीन-चार मिनिटांत सोळा मुलं आणि त्यांच्या वर्गाच्या बाई गेल्या. आणखी दहा मुलं आणि तीन शिक्षक जखमी झाले. शेवटची गोळी त्याने स्वतःवर झाडली.

त्या कापलेल्या तारांचं काय झालं, हे इथेच सांगायला हवं. त्या शाळेच्या नव्हत्याच, शेजारच्या काही घरांच्या होत्या. शाळेचा फोन चालू राहिला, आणि मुख्याध्यापकांनी ९ वाजून ४१ मिनिटांनी पोलिसांना फोन केला तो त्यावरूनच. मुके झाले ते शेजारच्या घरांतले फोन. शाळेच्या भिंतीला लागून राहणारी माणसं त्या क्षणी कुणालाही फोन करू शकत नव्हती, की त्यांना कुणाचा फोन येऊ शकत नव्हता.

९ वाजून ५७ मिनिटांनी पहिली रुग्णवाहिका आली. पाठोपाठ गावच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. अशा गावात डॉक्टर म्हणजे ज्यांनी या मुलांच्या लशी आणि खोकले पाहिलेले असतात तेच. जखमी मुलांना स्टर्लिंगच्या इस्पितळाकडे हलवायला सुरुवात झाली. शाळेच्या बाकीच्या भागात शेकडो मुलं वर्गांमध्येच होती आणि शिक्षक त्यांना खिडक्यांपासून दूर, खाली बसवून ठेवत होते. अँडी मरेचा वर्ग व्यायामशाळेकडेच निघाला होता, त्याला मध्येच वळवलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलांना जमिनीवर बसवलं आणि त्यांच्याकडून गाणी म्हणवून घेतली. बाहेर काय झालंय ते त्या शिक्षिकांना थोडंफार कळलं असणार. तरी गाणी थांबली नाहीत. मुलांचा आवाज कापरा होऊ नये, म्हणून आपला आवाज सांभाळणाऱ्या त्या बायांचा विचार मी पुन्हा पुन्हा करते.

आणि फाटकाबाहेर पालक.

१९९६ साल होतं. खिशात मोबाइल असलेली माणसं फारच थोडी. कुणी रेडिओवर ऐकलं, कुणाला शेजारणीने दार ठोठावून सांगितलं, कुणाला ऑफिसात निरोप आला. जो तो शाळेकडे निघाला. फाटकापाशी माणसांची भिंत उभी राहिली आणि आतून काहीच बाहेर येत नव्हतं. गर्दीत आधी ‘शाळेत गोळीबार’ इतकंच पसरलं. मग ‘व्यायामशाळेत’. मग ‘पहिलीचा वर्ग’. शेवटी बाईंचं नाव.

ते नाव कानावर पडताच गर्दीची दोन शकलं झाली. ज्यांची मुलं दुसऱ्या वर्गांत होती, त्यांच्या जीवात जीव आला. जुडी मरेने पुढे अनेकदा सांगितलंय की तिला आधी हायसं वाटलं आणि त्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, कारण त्या वर्गातल्या मुलांच्या आया तिथेच, त्याच गर्दीत उभ्या होत्या. काल-परवा याच फाटकाशी त्यांच्याशी दोन शब्द बोलणं झालेलं असणार. डनब्लेनमधली पुष्कळशी माणसं ही लाज वर्षानुवर्षं उरात घेऊन वावरली. ज्यांचं मूल घरी आलं, त्यांना ते मूल मोकळेपणाने कुशीत घेता येईना. रस्त्यात त्या सोळा घरांपैकी कुणी भेटलं तर काय बोलावं, ते कळेना. दुःखात माणसं जवळ येतात असं आपण म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण पहिल्या काही तासांत ती एकमेकांकडे बघायलाही धजत नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

त्या वर्गाच्या पालकांना बाजूला काढलं. आधी शाळेजवळच्या एका घरात नेलं, नंतर शाळेच्या स्टाफरूममध्ये. तिथे त्यांना बसवून ठेवलं. थोडी थोडकी मिनिटं नव्हेत, तासन्‌तास. गोळीबार पावणेदहाच्या आत संपला होता. जेवणाची वेळ उलटून गेली तरी त्या खोलीतल्या बऱ्याच जणांना आपलं मूल जिवंत आहे की नाही, हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

हा उशीर का झाला? पुढच्या सरकारी चौकशीत याचीही चर्चा झाली. ओळख पटवायला वेळ लागत होता, हे मोठं कारण. या मुलांचं शाळेतलं हे पहिलंच वर्ष. ऑगस्टमध्ये शाळेत आलेली, जेमतेम सात महिने झालेले. सगळी खेळाच्या कपड्यांत. चेहरा बघून नाव सांगणारं सगळ्यात खात्रीचं माणूस म्हणजे त्यांच्या वर्गाच्या बाई, आणि त्याच राहिल्या नव्हत्या. व्यायामशाळेत असलेल्या दुसऱ्या दोघी शिक्षिका जखमी होत्या. काही मुलं इस्पितळात, बाकीची इथे. एकाही घरी चुकीचं नाव जाऊ नये, म्हणून खात्री होईपर्यंत कुणालाच काही सांगायचं नाही, असं धोरण ठरलं.

कागदावर हे पटण्यासारखं आहे. चुकीचं नाव सांगितलं गेलं तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. तरीही मला ते पटत नाही. नावं सांगता येत नसतील, पण या वर्गातली बरीच मुलं गेली आहेत, कोणती ते आम्ही शोधतो आहोत, एवढं सांगता आलं असतं. बाहेर रेडिओवर बातमी सुरू झाली होती, वार्ताहर फाटकापाशी येऊन पोहोचले होते. ज्यांचा या बातमीवर पहिला हक्क, तीच माणसं बंद दाराआड, काही न कळता बसून होती. त्यांच्यातल्या एका बापाने पुढे सबंध पुस्तक लिहिलं. आपल्याला त्या दिवशी कसं ताटकळत ठेवलं, याचा सल त्याच्या मनातून गेला नाही. इतकं सगळं गमावलेल्या माणसाला ते तासही आठवतात, याचं मला नवल वाटत नाही. मरण त्या माणसाने आणलं होतं, त्याच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. ते तास मात्र आपल्याच माणसांनी आणले होते.

मग एकेका कुटुंबाला बाहेर बोलावणं सुरू झालं. कुणीतरी दारात येई, एक नाव घेई, दोघं उठून जात. खोलीत उरलेल्यांना प्रत्येक वेळी काय वाटलं असेल, ते मी लिहायला जात नाही.

दुपारनंतर बाकीची मुलं आपापल्या घरी पोहोचली. त्याच दिवशी लंडनहून दोन राजकारणी एकत्र आले. सरकारातले स्कॉटलंडचे मंत्री मायकेल फोर्सिथ, आणि विरोधी पक्षात तेच खातं सांभाळणारे जॉर्ज रॉबर्टसन. फोर्सिथ याच भागाचे खासदार, रॉबर्टसन तर डनब्लेनमध्येच राहणारे. संसदेत एकमेकांवर तुटून पडणारे दोघे. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक पत्रकारांसमोर उभे राहिले. काल दुष्टपणा आमच्याकडे येऊन गेला, का ते आम्हाला कळत नाही आणि बहुधा कधी कळणारही नाही, अशा अर्थाचं ते बोलले. शुक्रवारी पंतप्रधान जॉन मेजर आणि विरोधी पक्षनेते टोनी ब्लेअर असेच जोडीने आले.

आणि फुलं. फाटकाबाहेर आधी चार-दोन गुच्छ, मग कुंपणाच्या कडेने रांग, मग रस्त्याच्या कडेला ढीग. त्यात टेडी बेअर, बाहुल्या, मुलांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. जगभरातून पत्रांची पोती येऊ लागली. कुणाला काय करावं ते सुचत नव्हतं, तेव्हा माणसं खेळणी पाठवत होती.

रविवार आला तो १७ मार्चचा. योगायोगाने ब्रिटनमध्ये तो मातृदिन. तिथली रीत अशी की त्या आधीच्या आठवड्यात लहान वर्गांतली मुलं शाळेत बसून आईसाठी कार्डं करतात. रंगीत कागद, डिंक, वाकड्यातिकड्या अक्षरात ‘आई’. देशभरच्या लाखो घरांत त्या सकाळी अशी कार्डं उघडली गेली असतील. मला प्रश्न पडतो, एकाही आईला ते उघडताना डनब्लेनची आठवण आली नसेल का? त्या दिवशी सकाळी साडेनऊला सगळा देश एक मिनिट स्तब्ध उभा राहिला. राणी एलिझाबेथ मुलगी ॲन हिला घेऊन गावात आली, घरच्यांना भेटली, जखमी मुलांना भेटली.

पुढच्या दिवसांत एकामागून एक अंत्यसंस्कार झाले. गावकऱ्यांनी वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना विनंती केली की आता आम्हाला एकटं राहू द्या. पत्रकार मंडळी गावाबाहेर निघून गेली. पत्रकारितेच्या इतिहासात ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे, कारण असं फार वेळा झालेलं नाही. नऊ दिवसांनी, २२ मार्चला, शाळा पुन्हा भरली. व्यायामशाळेला मात्र कुलूप राहिलं. ११ एप्रिलला ती इमारत जमीनदोस्त केली, आणि पुढे तिथे बाग झाली.

इथवर ही शोकाची गोष्ट. पण डनब्लेनचे लोक शोक करता करता एक साधा प्रश्नही विचारू लागले होते: अशा माणसाच्या हातात परवान्याची चार हत्यारं आलीच कशी? तो काही अनोळखी नव्हता. वर्षानुवर्षं तो मुलग्यांसाठी क्लब आणि शिबिरं चालवत असे, आणि त्याच्या वागण्याबद्दल अनेक पालकांनी तक्रारी केल्या होत्या. तक्रार करणाऱ्यांत स्वतः रॉबर्टसनही होते. १९९१ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने लेखी शिफारस केली होती की या माणसाचा शस्त्रपरवाना काढून घेण्याचा विचार व्हावा. वरिष्ठांनी तो कागद पाहिला आणि काहीही केलं नाही. परवान्याचं नूतनीकरण होत राहिलं. लॉर्ड कलन यांच्या त्याच सरकारी चौकशीत हे सगळं उघड्यावर आलं. एका कागदावर वेळेवर सही झाली असती तर, हा विचार त्या सोळा घरांत किती रात्री आला असेल!

डनब्लेनशी जिव्हाळ्याचा संबंध असलेल्या काही बायकांनी सह्यांची मोहीम उभारली. तिला नाव दिलं ‘स्नोड्रॉप’. स्कॉटलंडमध्ये मार्चमध्ये फुलणारं हे एक छोटंसं पांढरं फूल. इवलीशी मान खाली घालून उभं राहतं. त्या आठवड्यात बागांतून हेच फूल उमललेलं होतं. मागणी एका ओळीची होती: खाजगी माणसाकडे पिस्तूल नको. दुकानांत, बसस्टॉपवर, रस्त्याच्या कोपऱ्यांवर टेबलं टाकून सह्या घेतल्या. सात लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि जुलैमध्ये त्या संसदेत पोहोचल्या. नेमबाजांच्या संघटनांचा कडवा विरोध होता. एका वेड्याच्या कृत्याची शिक्षा हजारो कायदाप्रिय माणसांना का, असं ते विचारत. मुलांचे आईबाप लंडनला जाऊन खासदारांच्या समोर बसले. ते ओरडले नाहीत. त्यांनी आपल्या मुलांचे फोटो दाखवले असतील किंवा नसतील, पण खासदारांना त्यांच्या डोळ्यांत बघावंच लागलं.

लॉर्ड कलन यांचा अहवाल ऑक्टोबरमध्ये आला. त्यांनीही सरसकट बंदी सुचवली नव्हती. तरी मेजर सरकार त्यांच्या पुढे गेलं. १९९७ च्या सुरुवातीला मोठ्या व्यासाची सगळी पिस्तुलं बंद झाली. मे महिन्यात सत्ता बदलली आणि वर्ष संपायच्या आत ब्लेअर सरकारने उरलेली .२२ बोअरची पिस्तुलंही बंद केली. मालकांना भरपाई देऊन दीड लाखांहून अधिक पिस्तुलं सरकारजमा झाली. त्यानंतर ब्रिटनमध्ये एकाही शाळेत असं हत्याकांड झालेलं नाही. हे वाक्य मी जपून लिहिते आहे, कारण अमेरिकेत त्याच काळात अशा शाळांची यादी किती लांबली ते आपण सगळे पाहतो.

अँडी मरेने लहानपणाच्या त्या दिवसाबद्दल बोलणं वर्षानुवर्षं टाळलं. त्या माणसाच्या क्लबात तो आणि त्याचा भाऊ जात असत, त्यांच्या आईने त्या माणसाला आपल्या गाडीतून सोडलंही होतं. २०१३ मध्ये एका माहितीपटात त्याला हे विचारलं तेव्हा त्याला बोलणं जमेना, कुत्र्याला कुशीत घेऊन तो रडला. त्याच उन्हाळ्यात तो विम्बल्डन जिंकला. आदल्या वर्षी त्याने ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलं होतं, तेव्हा डनब्लेनच्या हाय स्ट्रीटवरची टपालपेटी सोनेरी रंगवण्यात आली. गावाला आनंद करायला एक निमित्त देता आलं, असं तो म्हणतो. जगात आता डनब्लेनचं नाव घेतलं की काही जणांना आधी टेनिस आठवतं.

जगभरातून आलेल्या देणग्यांतून गावाने एक केंद्र उभारलं, मुलांनी खेळावं, तरुणांनी जमावं म्हणून. २००४ मध्ये ते उघडलं. त्याच्या काचांवर नक्षी कोरली आहे, सोळा मुलांची आणि त्यांच्या बाईंची. प्रत्येकासाठी वेगळी, ज्याची त्याची आठवण सांगणारी. कॅथीड्रलमध्ये एक उभा पाषाण आहे. आणि डनब्लेनजवळच्या एका बागेत स्नोड्रॉपची एक नवी जात तयार झाली, तिला त्या वर्गातल्या एका पाच वर्षांच्या मुलीचं नाव दिलं आहे. रोपवाटिकांच्या यादीत ते नाव असतं. लोक कंद विकत घेतात, शरदात मातीत लावतात, आणि थंडी सरता सरता ती पांढरी फुलं त्यांच्या अंगणात वर येतात.